जुन्या दूरचित्रवाणीवर खेळाचें चित्र कां हलतें ?

माळ्यावरचें सामान खालीं काढण्याचा प्रसंग एकत्र कुटुंबांत वर्षांतून एकदोनदां तरी येतोच. आणि त्या वेळीं तांब्यापितळेचीं भांडीं, जुन्या मासिकांचे गठ्ठे व कोणाचा तरी मोडका पाळणा यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक वस्तु खालीं येऊं लागली आहे. १९९० नंतरच्या दहा वर्षांत पुष्कळ सुशिक्षित घरांतून मुलांच्या हट्टाखातर खेळाचें एक यंत्र विकत घेतलें जात असे. तळहाताएवढी कॅसेट त्यांत खोंचावयाची, एक वायर दूरचित्रवाणीच्या संचास जोडावयाची आणि हातांतील बटणें दाबून पडद्यावरच्या बाहुल्यास उड्या मारावयास लावावयाचें, असा तो खेळ. त्या वेळचीं मुलें आतां आईबाप झालीं आहेत. आपल्या बाळपणची ही मौज आपल्या मुलांस दाखवावी असें त्यांस वाटणें स्वाभाविक आहे. आजोबांच्या खोलींतला, मागच्या बाजूस मोठें पोट असलेला जुना संच या कामीं उपयोगीं पडतो. यंत्र जोडलें जातें, घरांतील लहानमोठीं सारीं माणसें जमतात, आणि पहिलाच उद्गार निघतो तो 'अरे, चित्र हलतंय !' असा.

येथपर्यंत सर्व घरांची कथा एकच. पुढें मात्र मतभेदास आरंभ होतो. आजोबांचें मत, संच उत्तम आहे, यंत्रच टाकाऊ. काकांचें मत, संच म्हातारा झाला, तो भंगारवाल्यास देऊन मोकळें व्हावें. आणि ज्यानें यंत्र खालीं काढलें तो बिचारा कॅसेट बाहेर काढून तींत फुंकर मारीत बसतो. ह्या तीन पक्षांपैकीं कोणाचें खरें, हें ठरविण्यास फार मोठें यंत्रशास्त्र लागत नाहीं. थोडें बारकाईनें पाहण्याची मात्र गरज असते. तें न पाहिल्यामुळें चांगले संच मोडींत गेल्याचीं व कारागिराच्या हातीं निष्कारण पैसे पडल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आलीं आहेत. शिवाय ह्या खटपटींत एके ठिकाणीं प्रत्यक्ष जिवास धोका आहे. तो कोठें, तें पुढें येईलच. म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

प्रथम 'चित्र हलतें' हे शब्दच सोडून द्यावे. वैद्याकडे जाऊन 'बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगणाऱ्या रोग्याच्या तक्रारीसारखे ते आहेत. त्यांवरून कोणतेंहि औषध देतां येतें आणि कोणतेंहि लागू पडत नाहीं. मराठी भाषा ह्या बाबतींत दरिद्री नाहीं. चित्र सबंध वर किंवा खालीं सरकत जाणें निराळें, जागच्या जागीं थरथरणें निराळें, त्यावरून एखादा काळसर पट्टा चढत जाणें निराळें, दिव्यासारखी त्याची उघडझाप होणें निराळें. आणि बाकीचें चित्र स्थिर असतां त्यांतील एखादीच आकृति लुकलुकणें, तें तर अगदींच निराळें. प्रत्येकाचें मूळ वेगळ्या ठिकाणीं आहे. ज्यानें योग्य क्रियापद निवडलें त्याचें अर्धें निदान झालें, असें आम्ही म्हणतों.

जुन्या संचाच्या काचेच्या नळींत मागून इलेक्ट्रॉनांचा झोत येतो व पडद्याच्या आंतील लेपावर, ओळीमागून ओळ ओढीत, वरून खालीं उतरतो. झोत जेथें पडतो तेथें लेप क्षणभर उजळतो व लगेच मावळूं लागतो. म्हणजे आपण ज्यास चित्र म्हणतों तें पडद्यावर एका वेळीं सबंध असें कधीं नसतेंच. डोळ्यांस तें सबंध भासतें इतकेंच. (हातांतील मोबाईलनें अशा पडद्याचें छायाचित्र घेतलें असतां त्यांत काळे पट्टे दिसतात, व तें छायाचित्र पाहून संच बिघडला असा निष्कर्ष काढणारे लोकहि आहेत. तो कॅमेऱ्याच्या व झोताच्या वेळा न जुळल्याचा परिणाम होय. त्याचा बिघाडाशीं संबंध नाहीं.) मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शन सुरू झालें तेव्हांपासून आमच्याकडे जी पद्धति चालत आली, तींत चित्राच्या ओळी ६२५ असून झोत सेकंदास ५० वेळां पडदा उतरतो, एका फेरींत एकाआड एक ओळी, दुसऱ्या फेरींत मधल्या राहिलेल्या. १९८२ सालीं रंग आले, तेव्हां रंगांसाठीं तिला 'पाल' ह्या जर्मन पद्धतीची जोड मिळाली. अमेरिका व जपान येथें ओळी ५२५ व फेऱ्या सुमारें ६०. आमच्याकडील घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, अमेरिकेंतील ६०. त्यांवरूनच हे आंकडे आले. पन्नास आणि साठ हे दोन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडेल.

आतां त्या लुकलुकणाऱ्या आकृतीकडे प्रथम वळूं. कारण ह्या एका प्रकारापायीं जितका गैरसमज झाला आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि प्रकारापायीं झालेला नाहीं.

आमच्या बाजारांत जीं स्वस्त यंत्रें विकलीं गेलीं तीं बहुतेक एका जपानी यंत्राच्या नकला होत्या. निन्टेन्डो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें यंत्र विक्रीस आणलें. त्यासच लोक 'फॅमिकॉम' म्हणत. १९८५ सालीं तेंच यंत्र निराळ्या पेहरावांत 'निन्टेन्डो एन्टरटेन्मेंट सिस्टिम' या नांवानें अमेरिकेंत गेलें. त्यांतील चित्र दोन थरांचें असतें. विटा, ढग, डोंगर हा मागचा देखावा एक थर, आणि त्यावर हिंडणाऱ्या आकृति हा दुसरा. ह्या हिंडत्या आकृति, आठ बिंदु रुंद व आठ किंवा सोळा बिंदु उंच, अशा लहान तुकड्यांच्या जोडलेल्या असतात. असे ६४ तुकडे एका वेळीं पडद्यावर ठेवतां येतात. परंतु पडद्याच्या कोणत्याहि एका ओळीवर आठांहून अधिक तुकडे काढण्याचें सामर्थ्य त्यांतील चिपमध्यें नाहीं. नववा आला तर तो त्या ओळीवर काढलाच जात नाहीं.

एखाद्या लहान ओसरीवर आठच पाट मांडतां येतात, आणि जेवणारे मात्र दहा आहेत, अशी कल्पना करावी. दोघांना कायमचें उपाशी ठेवणें बरें दिसत नाहीं. म्हणून खेळ रचणाऱ्या मंडळींनीं अशी युक्ति केली कीं, दर फेरीस निराळ्या दोघांनीं उभें राहावें. पंगती सेकंदास पन्नास-साठ उठतात, त्यामुळें प्रत्येकास कांहींना कांहीं वाट्यास येतें. पण प्रत्येकजण मधून मधून नाहींसा होतो व पुनः दिसतो. हीच ती लुकलुक. मारिओसारखी लहान आकृति रुंदीला दोन तुकडे घेते, म्हणजे अशा चार आकृति एका रांगेंत आल्या कीं ओसरी भरली. पांचवी आली कीं लुकलुकण्यास आरंभ व्हावयाचाच. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. बाहुला एकटा असतां स्वच्छ व स्थिर दिसतो, शत्रूंची गर्दी त्याच्या रांगेंत आली कीं लुकलुकतो, आणि मागच्या विटा व ढग तेवढे निश्चल राहतात, असें असेल तर यंत्र, वायर व संच हीं तिन्हीं निर्दोष आहेत असें खुशाल समजावें. जपानांत नव्या कोऱ्या यंत्रावर १९८३ सालीं दिसत होतें तेंच आज आपल्या घरीं दिसत आहे. मार बसल्यावर बाहुला कांहीं वेळ लुकलुकतो तें तर मुद्दाम केलेलें असतें. तेवढा वेळ त्यास अभय आहे हें खेळणाऱ्यास कळावें म्हणून.

याहूनहि तोकडी सोय असलेलें यंत्र म्हणजे अमेरिकेंतील अटारी कंपनीचें १९७७ सालचें. 'पॅक-मॅन' हा प्रसिद्ध जपानी खेळ १९८२ सालीं त्या यंत्रावर आणतांना टॉड फ्राय यांस चार भुतें दाखवावयाचीं होतीं. त्यांनीं तीं पाळीपाळीनें, एका फेरींत एक, अशीं दाखविलीं. म्हणजे प्रत्येक भूत सेकंदास पंधरा वेळांच दृष्टीस पडे. भुतेंच तीं, लुकलुकलीं तर बिघडलें कोठें, असें आमच्यासारखा म्हणेल. पण पैसे मोजून घेणाऱ्यांनीं त्या खेळास पुष्कळ नांवें ठेविलीं.

दुसरा प्रकार सबंध चित्र सरकत जाण्याचा. आमच्या पुष्कळ कुटुंबांतून एखादा मुलगा किंवा पुतण्या अमेरिकेंत असतो, व तो येतांना तेथील यंत्र घेऊन येतो. तें यंत्र सेकंदास साठ चित्रें पाठवितें; आमचा जुना संच पन्नासांच्या तालावर चालणारा. दोघांचा ताल जुळत नाहीं, आणि चित्र पाण्याच्या रहाटासारखें फिरत राहतें. गंमत अशी कीं, ओळींचा हिशेब मात्र जवळजवळ सारखा येतो : आमच्याकडे सेकंदास १५,६२५ ओळी, तिकडे १५,७३४. त्यामुळें चित्र आडवें फाटत नाहीं, नुसतें वर-खालीं सरकतें. फार जुन्या संचांच्या पाठीमागें 'व्हर्टिकल होल्ड' नांवाची खुंटी बाहेरच ठेवलेली असे; ती हळूहळू फिरविली तर कित्येकदां चित्र ठरतें, पण त्याची उंची थोडी आंखडते व वर-खालीं काळी पट्टी राहते. रंग बहुधा येत नाहींत, कारण रंगांची लहर दोन्ही पद्धतींत निराळी आहे. आणि अँटेनाच्या वायरीनें जोडलें असेल तर आवाजाच्या जागीं नुसती खरखर येते, कारण चित्र व आवाज यांमधील अंतरहि दोन्हीकडे वेगळें. मागाहून निघालेले पुष्कळ रंगीत संच दोन्ही पद्धति ओळखतात. त्यांच्या यादींत 'एनटीएससी' असें लिहिलेलें आढळल्यास तें निवडावें, एवढ्यानेंच काम भागतें. एक इशारा मात्र येथेंच दिला पाहिजे. अमेरिकेंतील अॅडॉप्टर १२० व्होल्टांचा असतो. तो आमच्या २३० व्होल्टांच्या भिंतींत खोंचला तर चित्र स्थिर कीं अस्थिर हा प्रश्नच पुढें उरत नाहीं.

येथील पद्धतीस जुळवून केलेल्या नकली यंत्रांत उलटा प्रकार होतो. मूळ खेळ साठांच्या हिशेबानें रचलेला, आणि यंत्र चालतें पन्नासांनीं. त्यामुळें खेळ सुमारें एक षष्ठांशानें मंद चालतो. ज्यांचें बाळपण ह्या यंत्रांवर गेलें त्यांस अमेरिकेंतला मारिओ उगीच घाईंत असल्यासारखा वाटतो. हा बिघाड नव्हे, संवय होय.

आतां जो प्रकार खरोखर बिघाडाचा आहे त्याकडे येऊं. पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं, थोरल्या मुलानें आपल्या पहिल्या कमाईंतून आईसाठीं घेतलेला एक रंगीत संच आहे. आई आतां ऐंशीच्या पुढें गेल्या आहेत, व तो संच त्यांच्या खोलींतून हलवूं देत नाहींत. नातवंडांनीं त्यास खेळाचें यंत्र जोडलें, तों चित्रावरून एक अस्पष्ट काळसर पट्टा खालून वर संथपणें चढूं लागला, आणि त्याबरोबर उभ्या रेघा पाण्यांतील काठीसारख्या वांकड्या दिसूं लागल्या. एक कारागीर आला; त्यानें अँटेनाची वायर बदलली. दुसरा आला, त्यानें नळी गेली, संच देऊन टाका, असें सांगितलें, व त्याची किंमतहि तेथेंच ठरविली. आजींच्या डोळ्यांस पाणी आलें. त्या वेळीं धाकट्या सूनबाईंनीं एकच प्रश्न विचारला : 'सासूबाई रोज ह्याच संचावर बातम्या पाहतात, तेव्हां हा पट्टा असतो का ?' नव्हता. म्हणजे संच निर्दोष ! मग दोष उरला यंत्रांत किंवा त्याच्या अॅडॉप्टरांत. शेजाऱ्यांकडून तसाच दुसरा अॅडॉप्टर आणून लावला, आणि पट्टा नाहींसा झाला. संच अद्याप आजींच्या खोलींत आहे.

याचें कारण असें. भिंतींतली वीज सेकंदास पन्नास वेळां उलटसुलट वाहते. अॅडॉप्टर ती एका दिशेची करतो, पण तींत हेलकावे राहतात. ते मोडण्यासाठीं 'कपॅसिटर' नांवाचा एक भाग असतो. गच्चीवरील टाकीमुळें नळाचें पाणी थांबत-थांबत आलें तरी घरांतील धार सारखी राहते, तसें त्याचें काम. ह्या टाकीच्या आंतला ओलावा वर्षानुवर्षें, त्यांतूनहि माळ्यावरच्या उन्हाळ्यांत, सुकत जातो. मग हेलकावे चित्रापर्यंत पोंचतात. यंत्र जर पन्नासांच्या चालीचें असेल तर वीजहि पन्नासांची, म्हणून पट्टा जवळजवळ उभाच राहतो किंवा सावकाश चढतो. तेंच यंत्र परदेशी, साठांच्या चालीचें असलें, तर दोहोंमधील दहाचा फरक सेकंदास दहा थरथरींच्या रूपानें दिसतो. रोग एकच, पण एके ठिकाणीं तो संथ पट्टा होऊन येतो आणि दुसऱ्या ठिकाणीं झपाट्याची थरथर होऊन. म्हणून लोकांस ते दोन रोग वाटतात.

अॅडॉप्टर बदलतांना मात्र 'टोंक बसलें म्हणजे झालें' असें समजूं नये. मूळ फॅमिकॉम यंत्रास १० व्होल्टांचा एकाच दिशेचा प्रवाह लागतो, व त्याच्या टोंकाचा मधला भाग ऋण असतो; त्याच्याच अमेरिकन भावंडास ९ व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह देणारा अॅडॉप्टर येतो, आणि तो एका दिशेचा करण्याचें काम यंत्राच्या पोटांत होतें. एकाचा अॅडॉप्टर दुसऱ्यास लावल्यानें यंत्रें जळालेलीं आहेत. नकली यंत्रांत तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. यंत्राच्या तळाशीं काय छापलें आहे तें भिंग घेऊन वाचावें. व्होल्ट, प्रवाहाचा प्रकार आणि मधल्या भागाची खूण, हीं तिन्हीं जुळल्याशिवाय अॅडॉप्टर लावूं नये. संच स्टॅबिलायझरवर असेल तर आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. चित्र एकदम लहान होऊन पुनः मोठें होतें व त्याच क्षणीं स्टॅबिलायझरांतून 'खट्' असा आवाज येतो, असें असल्यास दोष विजेच्या चढउताराचा किंवा स्टॅबिलायझरचा. त्यासाठीं ना यंत्राला हात लावावा, ना संचाला.

उघडझाप हा प्रकार कॅसेटीकडे बोट दाखवितो. अमेरिकन यंत्रांत कॅसेट अस्सल आहे कीं नाहीं हें तपासणारी एक चिप बसविलेली होती. कॅसेटींतील जोडीच्या चिपकडून तिला योग्य उत्तर मिळालें नाहीं तर ती यंत्र पुनः आरंभापासून चालू करी. पुनः उत्तर नाहीं, पुनः आरंभ. असें सुमारें सेकंदास एकदां. तांबडा दिवा व पडदा दोन्ही एका तालांत उघडझाप करूं लागत. कॅसेट अस्सल असली तरी तिच्या दांतांवर मळ बसला, किंवा यंत्रांतील ७२ पिनांची पकड सैल झाली, कीं चौकीदारास उत्तर ऐकूं येत नसे. फॅमिकॉममध्यें हा चौकीदार नव्हता. म्हणून आमच्याकडील नकलांत मळ बसल्यास उघडझाप न होतां चित्राच्या जागीं भलतींच अक्षरें व ठिकऱ्या दिसतात, किंवा पडदा एकरंगी होऊन थांबतो.

फुंकर मारण्याचा उपाय जपानपासून जळगांवपर्यंत सर्व मुलांनीं स्वतंत्रपणें शोधून काढला, ही मोठी कौतुकाची गोष्ट आहे. परंतु तो उपाय नव्हे. कॅसेट काढून पुनः बसविल्यानें दांत नव्या जागीं टेंकतात, त्यामुळें गुण येतो, आणि श्रेय मिळतें फुंकरीला. तोंडांतील ओलावा मात्र त्या धातूवर बसून त्यास गंज चढवितो. निन्टेन्डो कंपनीनें स्वतःच फुंकर मारूं नये असें बजावलेलें आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेला कापूस काडीस गुंडाळून दांत हलकेच पुसावे, पूर्ण वाळूं द्यावे, व मग कॅसेट सरळ बसवावी. काळा झालेला कापूस पाहिला म्हणजे तीस वर्षांच्या फुंकरींनीं काय साधलें तें कळतें.

वायरीविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. जुनीं यंत्रें अँटेनाच्या छिद्रांतून, एखाद्या लहानशा प्रक्षेपण केंद्रासारखीं, चित्र पाठवितात. त्यांत यंत्राच्या मागील चॅनेलची खटकी व संचाचें चॅनेल हीं नीट जुळावीं लागतात. न जुळल्यास चित्रांत मुंग्या येतात व तें फडफडतें. संचास व यंत्रास पिवळें छिद्र असेल तर सरळ तेथेंच वायर लावावी. अर्ध्या भानगडी तेथें संपतात. लावल्यावर वायर हातानें हळूच हलवून पाहावी. हात लावतांच चित्र बदललें तर दोष सांपडला.

संच स्वतः दोषी आहे असें केव्हां म्हणावें ? दुसरें कांहींहि जोडलें — सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी — तरी तसेंच होतें तेव्हां. (हवेंतून येणारें दूरदर्शनचें जुनें प्रक्षेपण बहुतेक ठिकाणीं बंद झालें असल्यामुळें अँटेना लावून परीक्षा करण्याचा मार्ग आतां उरलेला नाहीं.) संच थंड असतां चित्र थरथरतें व तापल्यावर ठरतें, किंवा टप्पल मारतांच सुधारतें, तर आंतील कोठला तरी सांधा सुटला आहे, कारागीर त्यास 'ड्राय सोल्डर' म्हणतात, आणि तो दुरुस्त होण्यासारखा असतो. सबंध चित्र आंखडून एक तेजस्वी आडवी रेघ राहिली तर संच ताबडतोब बंद करावा; तो झोत एकाच जागीं पडून पडद्याचा लेप जळतो.

आणि येथेंच तो जिवाचा धोका. रंगीत संचाच्या नळीस वीस ते पंचवीस हजार व्होल्टांचा दाब लागतो; संच बंद करून वायर काढली तरी नळीची कांच तो भार कित्येक दिवस धरून ठेवूं शकते. शिवाय कित्येक जुन्या संचांत आंतील धातूचा सांगाडाच भिंतींतल्या विजेशीं जोडलेला असे. म्हणून मागचें झांकण घरच्या माणसानें काढूं नये; अभियांत्रिकीच्या वर्गांत पहिला आलेल्या मुलानें तर मुळींच नाहीं, कारण धीर त्यालाच अधिक असतो. ज्यानें हे संच हातानें दुरुस्त केले आहेत असा वृद्ध कारागीर प्रत्येक गांवीं एखादा तरी अजून सांपडतो. त्याला 'चित्र हलतें' असें न सांगतां, काय जोडलें असतां, किती वेळानें, चित्राचा कोणता भाग, कोणत्या तऱ्हेनें हलतो, तें एका चिठ्ठीवर लिहून द्यावें.

मुलांच्या डोळ्यांविषयीं माताभगिनींकडून नेहमीं विचारणा होते. पन्नास फेऱ्यांचा पडदा कांहीं जणांस, विशेषतः डोळ्याच्या कोपऱ्यानें पाहिल्यास, लुकलुकतांना दिसतोच. चित्र जितकें पांढरें व तेजस्वी तितकी ती लुकलुक अधिक भासते. खोलींत दिवा ठेवावा, पडद्याचें तेज कमी करावें, मुलांस दूर बसवावें, कीं त्रास पुष्कळ कमी होतो. पण तीव्र उघडझाप ही निराळी गोष्ट आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत 'पोकेमॉन' ह्या चित्रमालिकेंत तांबडा व निळा रंग सेकंदास सुमारें बारा वेळां आलटून पालटून झळकविला गेला, आणि सहाशेंहून अधिक प्रेक्षकांस, त्यांत बहुतेक मुलें, रुग्णालयांत न्यावें लागलें. कित्येकांस झटके आले. ज्यांच्या मेंदूची तशी प्रकृति असते त्यांस सेकंदास दहापासून पंचवीसपर्यंत होणारी उघडझाप विशेष बाधते. म्हणून घरांत कोणास फेंपऱ्याचा विकार असेल, किंवा पडद्यासमोर मूल एकाएकीं शून्य नजरेनें पाहूं लागलें, हातपाय झटकूं लागलें, तर खेळ तत्काळ बंद करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; आणि अॅडॉप्टराच्या दोषामुळें थरथरणारें चित्र 'चालतंय तोंवर चालूं द्या' म्हणून मुलांपुढें ठेवूं नये.

काकांच्या सूचनेबद्दल एक शब्द राहिला : जुना संच टाकून हें यंत्र भिंतीवरील नव्या चपट्या संचास जोडावें, ही ती सूचना. हीं जुनीं यंत्रें दर फेरींत त्याच त्या ओळी पाठवितात, मधल्या ओळी पाठवीतच नाहींत. जुन्या संचास त्याचें कांहीं वाटत नाहीं. नवे संच मात्र पुष्कळदां त्या फेऱ्यांना अर्धीं चित्रें समजून दोन-दोन एकत्र शिवतात. मग जी आकृति एका फेरींत आहे व दुसऱ्या फेरींत नाहीं, ती कंगव्याच्या दांतांसारखी चिरलेली दिसते किंवा सबंधच नाहींशी होते. मार बसलेला बाहुला तेवढा वेळ पडद्यावरून गुप्त होतो, आणि खेळणाऱ्यानें त्याला अंदाजानें हांकावयाचें. हे यंत्र व हा संच एकाच काळांत वाढलेले आहेत; आजोबांच्या खोलींत जागा असेल तोंवर त्यांस एकत्रच राहूं द्यावें.